यंत्राने ग्रुपवर कधी बोलावं?

सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या ग्रुपवर आता फक्त माणसं लिहीत नाहीत. पाण्याची टाकी, सर्व्हर, पावसाचं मोजमाप करणारं यंत्र, ज्याला इंटरनेटची जोडणी आहे त्या कुणालाही वेब एपीआयच्या मदतीने ग्रुपवर संदेश टाकता येतो. खालचा संवाद एका मामा-भाचीतला आहे. मामा औष्णिक वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात पाळ्या करून निवृत्त झालेले, सध्या सोसायटीच्या कमिटीवर. भाची सॉफ्टवेअर लिहिते आणि त्याच सोसायटीच्या टाकीवर तिने एक यंत्र बसवलं आहे. टाकी रिकामी होण्याआधी कळावं आणि कुणाला उगाच त्रास होऊ नये, हे दोघांनाही हवं आहे. मतभेद आहे तो यंत्राने किती बोलावं आणि कुणासमोर बोलावं याबद्दल.

भाची : मामा, टाकीवरचं काम झालं. ईएसपी३२चा छोटा बोर्ड, पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि गच्चीपर्यंत पोचणारं वायफाय, एवढ्यावर भागलं. पाणी खाली गेलं की संदेश थेट सोसायटीच्या टेलिग्राम ग्रुपवर येईल.

मामा : यंत्राकडे ना फोन, ना सिमकार्ड. ते ग्रुपवर लिहितं कसं?

भाची : ते अ‍ॅप उघडतच नाही. आपल्यासाठी जसं अ‍ॅप, तसा प्रोग्रॅमसाठी टेलिग्रामने जून २०१५ मध्ये बॉट एपीआय खुला केला. तिथे बॉटफादर नावाचं एक खातं आहे. त्याला सांगायचं की मला नवा बॉट हवाय, त्याचं नाव अमुक. तो एक लांबलचक टोकन देतो. एपीआयच्या पत्त्यात ते टोकन घालायचं, पुढे सेंडमेसेज लिहायचं आणि सोबत दोन गोष्टी द्यायच्या : चॅट आयडी, म्हणजे कुठल्या ग्रुपवर, आणि टेक्स्ट, म्हणजे काय सांगायचं. ब्राउझर एखादं पान मागवतो तसलीच ही एचटीटीपीएस विनंती. लगेच जेसन नावाच्या ठरावीक मांडणीत उत्तर येतं : ओके, ट्रू. सोबत त्या संदेशाचा क्रमांक. झालं काम.

मामा : बाकी सगळं गाव व्हॉट्सअ‍ॅपवर असताना तू टेलिग्राम का धरलंस?

भाची : व्हॉट्सअ‍ॅपचा अधिकृत एपीआय व्यवसायांसाठी आहे. नंबर नोंदवायचा, आणि आपण होऊन पाठवायच्या संदेशाचे साचे आधी मंजूर करून घ्यायचे. टेलिग्रामवर टोकन मिळालं की लगेच लिहायला सुरुवात. एका संदेशात ४०९६ अक्षरं मावतात. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या तरी मराठीला हे पुष्कळ झालं. फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी हे इंटरनेटवरच्या ग्रुप-गप्पांचं जुनं साधन सुरू केलं. त्याच्या १९९३ च्या नियमपत्रात एका संदेशाला ५१२ बाइट्सची मर्यादा होती. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात. म्हणजे तिथे आपली जेमतेम १७० चिन्हं मावली असती.

मामा : थोडक्यात, पाठवणं अगदी सोपं झालं.

भाची : हो ना! चार ओळींचा कोड.

मामा : मला काळजी आहे ती त्याचीच. आमच्या नियंत्रण कक्षात जुन्या पॅनेलवर अलार्मच्या खिडक्या असायच्या. एक खिडकी वाढवायची म्हणजे यंत्रापासून पॅनेलपर्यंत वायर ओढायची, रिले बसवायचा, खिडकीवर नाव कोरून घ्यायचं. खर्च होता, म्हणून कुणीतरी विचारायचंच, ही हवी कशाला? पुढे संगणकावरची यंत्रणा आली. अलार्म वाढवायला सेटिंगमध्ये एक ओळ पुरू लागली. मग कुणी विचारेना. अलार्म वाढत गेले, आणि ऐकणारी माणसं तेवढीच राहिली.

भाची : पण माहिती जास्त मिळाली तर नुकसान काय? नको ते सोडून द्यायचं.

मामा : वेल्समध्ये मिलफर्ड हेवनजवळ टेक्साकोची रिफायनरी होती. २४ जुलै १९९४ ला तिथे स्फोट झाला, २६ माणसं जखमी झाली. वीज-वादळामुळे सकाळपासून यंत्रणेची घडी विस्कटली होती. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने चौकशी केली. स्फोटाच्या आधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. मिनिटाला पंचवीस. त्यात जो कामाचा होता तो त्यांनी ओळखायचा कसा? तू म्हणतेस नको ते सोडून द्या. सोडून देण्यासाठी आधी वाचावं लागतं, आणि वाचायलाच वेळ नव्हता.

भाची : ती रिफायनरी होती, मामा. इथे एक टाकी आहे.

मामा : आज एक टाकी. मग लिफ्ट, जनरेटर, गेटचा कॅमेरा, मेंटेनन्सची थकबाकी. प्रत्येकाचा बॉट असेल, प्रत्येकाचा कोड चारच ओळींचा असेल, आणि ग्रुप एकच असेल. रिफायनरीच्या त्या अनुभवातून १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अलार्मसाठी मार्गदर्शक पुस्तिका निघाली, ईईएमयूए १९१. नेहमीच्या कामकाजात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये, असं तिचं माप आहे. आणि तो ऑपरेटर पगार घेऊन त्याच कामासाठी बसलेला असतो. आपल्या ग्रुपवरची माणसं स्वयंपाक करत असतात, गाडी चालवत असतात, झोपलेली असतात.

भाची : आता माझी बाजू ऐका. गेल्या उन्हाळ्यापर्यंत टाकीचं सगळं एकट्या वॉचमनला माहीत असायचं. तो गावी गेला की मोटर कुणी लावायची, व्हॉल्व्ह कुठला फिरवायचा, कुणाला पत्ता नाही. माहिती एका माणसाच्या डोक्यात अडकली की तो माणूस नसताना सगळेच अडतात. गिटहब कंपनीत ह्यूबोट नावाचा चॅटबॉट होता, २०११ मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. नवा कोड चढवायचा असेल तर इंजिनिअर चॅटरूममध्ये बॉटला हुकूम द्यायचे आणि बॉट तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यायचा. या पद्धतीला पुढे चॅटऑप्स म्हणू लागले. फायदा असा की नवा आलेला माणूस नुसतं वाचून शिकायचा : काय बिघडलं, कुणी काय केलं, किती वेळात सुरळीत झालं. ग्रुपवर यंत्र बोललं की ज्ञान सगळ्यांचं होतं. तुमच्या नियंत्रण कक्षाचं दार बंद असायचं. मला ते उघडं हवंय.

मामा : हे म्हणणं बिनतोड आहे. अडकलेल्या माहितीने काय होतं ते मीही बघितलंय. पण सगळ्यांना सांगितलं म्हणजे कुणीतरी करेलच, असं होत नाही. लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग आहे. फॉर्म भरायला बसवलेल्या माणसाच्या खोलीत भिंतीतून धूर सोडायचा. माणूस एकटा असेल तर शंभरातल्या ७५ जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. तिघे अनोळखी एकत्र बसवले, तेव्हा शंभरातल्या ३८ गटांतच कुणीतरी उठलं. धूर तोच, डोळे जास्त, आणि उठणारे कमी. आपल्या ग्रुपवर दीडेकशे माणसं आहेत. ‘टाकी १८ टक्के’ असं आलं की प्रत्येक जण समजणार, दुसरा कुणीतरी गच्चीवर गेलाच असेल.

भाची : मग संदेशातच नाव घालते. एपीआयमध्ये माणसाचा उल्लेख करता येतो, त्याच्या फोनवर तो वेगळा दिसतो. आठवड्याची पाळी कमिटीने ठरवलेलीच आहे. बोर्डला ती माहीत नसेल, पण बोर्ड आणि टेलिग्राम यांच्यामध्ये एक प्रोग्रॅम ठेवून त्याला देता येईल.

मामा : आणि मजकूर काय ठेवलायस? वाच बघू.

भाची : ‘टँक २ लेव्हल १८%’.

मामा : टँक २ म्हणजे कोणती? हे तुला आणि मला माहीत. १८ टक्के म्हणजे घाबरायचं की नाही? किती वेळ आहे? करायचं काय?

भाची : बरं, मग असं : ‘ब विंगची वरची टाकी १८ टक्क्यांवर आली आहे. आताच्या वापराने साधारण पाऊण तासात रिकामी होईल. या आठवड्याची पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची. पंपघरातली डावीकडची मोटर चालू करावी.’

मामा : आता याला संदेश म्हणता येईल. आधीचा होता तो नुसता आकडा. आमच्याकडे अलार्मची व्याख्याच अशी होती की ज्यावर ऑपरेटरने वेळेत काहीतरी करायचं आहे तो अलार्म. ज्यावर काही करायचं नाही ती नोंद, तिची जागा वहीत. तुझ्या कोडमध्ये आणखी काय काय पाठवायचं ठेवलंयस?

भाची : पातळी कमी झाली, पातळी पूर्ववत झाली, मोटर सुरू, मोटर बंद, टाकी भरली, दर तासाला पातळी, आणि वायफाय गेलं-आलं.

मामा : यातलं करण्याजोगं एकच. फार तर दोन : टाकी भरूनही मोटर चालूच राहिली तर तेही सांगावं, पाणी वाया जातं. आणि पातळीचा संदेश नक्की कधी जातो?

भाची : वीसच्या खाली वाचन आलं की.

मामा : पाण्यावर लाटा असतात. वाचन एकोणीस येईल, मग एकवीस, मग पुन्हा एकोणीस. दर वाचनाला तुझा बॉट ओरडणार. आमच्याकडे याला डेडबँड ठेवायचो. विसाला वाजला की तीस टक्क्यांवर जाईपर्यंत तो अलार्म पुन्हा वाजायचा नाही. वाजण्याचा आकडा आणि शांत होण्याचा आकडा वेगळा ठेव.

भाची : हे मी आज रात्रीच घालते. आणि आता तुम्हाला आवडेल असं एक सांगते. एपीआय बनवणाऱ्यांनाही ही भीती होतीच. टेलिग्राम म्हणतं, एका चॅटवर सेकंदाला एकापेक्षा जास्त संदेश नकोत आणि ग्रुपवर मिनिटाला वीसच्या वर जाऊ देणार नाही. जास्त पाठवले तर ४२९ क्रमांकाची चूक परत येते, विनंत्या फार झाल्या म्हणून. सोबत किती सेकंद थांबायचं तेही येतं. ऑफिसांमध्ये वापरतात त्या स्लॅक या गप्पांच्या अ‍ॅपमध्येही एका चॅनलला सेकंदाला साधारण एक संदेश, अशीच मर्यादा आहे. ४२९ हा क्रमांक तर २०१२ मध्ये वेबच्या नियमपत्रांतच घातला गेला, इतकी ही गरज सार्वत्रिक होती.

मामा : चांगली गोष्ट आहे. पण मिनिटाला वीस ही सर्व्हरला झेपणारी मर्यादा झाली. माणसाला झेपणारी याहून फार कमी. आणि मला सांग, मर्यादा लागली की उरलेले संदेश जातात कुठे?

भाची : चांगला प्रोग्रॅम असेल तर ते रांगेत ठेवतो आणि सांगितलेल्या वेळाने पाठवतो.

मामा : म्हणजे तासातासाच्या पातळ्या पुढे, आणि टाकी रिकामी झाल्याची बातमी त्यांच्या मागे. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले. अलार्म कागदावर छापणारा प्रिंटर तर घटनांच्या कितीतरी मागे पडला. समोर चाललंय एक आणि कागदावर उमटतंय जुनंच. निरुपयोगी संदेश निरुपद्रवी असतो, असं म्हणू नकोस. तो वाचणाऱ्याचा वेळ खातो आणि उपयोगी संदेशाची वाटही अडवतो.

भाची : हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तातडीच्या संदेशांना वेगळी रांग करावी लागेल, ते आधी जातील. पण मामा, शांत राहण्याचेही मार्ग एपीआयमध्येच आहेत, ते वापरले तर तुमची बरीच तक्रार मिटते. एक, डिसेबल नोटिफिकेशन. हे ट्रू केलं तर संदेश ग्रुपवर येतो, पण फोन वाजत नाही. दोन, पाठवलेल्या संदेशाचा क्रमांक जपून ठेवला तर तोच संदेश नंतर बदलता येतो. ‘पाणी कमी’ असा एक संदेश आणि पाणी आल्यावर त्याच संदेशात ‘सहा वाजून दहा मिनिटांनी पूर्ववत’. दुसरा संदेश नाही, दुसरी घंटा नाही. स्लॅकमध्ये तर मूळ संदेशाखाली थ्रेड चालवता येतो. ज्याला तपशील हवा तो उघडून बघतो.

मामा : हे मला फार पटलं. एका बिघाडाचा एकच संदेश, आणि तो संदेश बिघाडाबरोबर बदलत जाणारा. पण कुणीतरी हातात घेतलंय हे बाकीच्यांना कसं कळणार? आमच्या पॅनेलवर अलार्म आला की खिडकी लुकलुकायची आणि हूटर वाजायचा. ऑपरेटरने अ‍ॅक्सेप्ट दाबलं की हूटर बंद, खिडकी स्थिर पेटलेली. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, बिघाड अजून आहे पण माणूस त्याच्या मागे आहे. बिघाड गेला की रीसेट, खिडकी विझली.

भाची : संदेशाखाली बटण देता येतं. ‘मी बघतो’ असं. कुणी दाबलं की बॉटला कळतं आणि तो संदेशात त्याचं नाव लिहितो. तुमचं अ‍ॅक्सेप्ट जसंच्या तसं.

मामा : मग लाताने-डार्लीचा प्रश्न बराच सुटला. धूर दिसतोय आणि कोण उठलंय तेही दिसतंय. आता दुसरं विचारतो. तुला ‘ओके, ट्रू’ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

भाची : टेलिग्रामच्या सर्व्हरने संदेश स्वीकारला, एवढाच. कुणी वाचला असा नाही. आणि तेवढंही नीट तपासावं लागतं. स्लॅकच्या एपीआयमध्ये पुष्कळदा एचटीटीपीचा क्रमांक २००, म्हणजे सगळं ठीक, असाच येतो; पण आत जेसनमध्ये ओके, फॉल्स असतं : चॅनल सापडलं नाही किंवा बॉट त्या चॅनलमध्ये नाही. नुसता क्रमांक बघणाऱ्याला वाटतं संदेश गेला. टेलिग्राममध्ये साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा चॅट आयडीच बदलतो. नवा आयडी चूक कळवणाऱ्या उत्तरातच दिलेला असतो, पण प्रोग्रॅमने तो वाचला तर ना. आणखी एक अडचण आहे. संदेश गेला, पण उत्तर येण्याआधी नेट तुटलं, तर गेला की नाही हे कळत नाही. पुन्हा पाठवावा तर दोनदा जायची शक्यता, न पाठवावा तर कदाचित गेलाच नसेल.

मामा : मग अशा वेळी काय करतेस?

भाची : पाणी संपतंय हा संदेश दोनदा गेलेला चालेल, न गेलेला चालणार नाही. म्हणून तो पुन्हा पाठवते. मोटर सुरू-बंदच्या नोंदीसाठी तसं करणार नाही. पण मामा, यातूनच माझा सगळ्यात मोठा मुद्दा निघतो. तुम्ही म्हणता, करण्याजोगं असेल तरच बोला. ठीक. पण मग बॉट गप्प आहे याचा अर्थ काय लावायचा? टाकी भरलेली आहे, की बोर्डच जळाला, की वायफायचा पासवर्ड कुणी बदलला? दोन्ही वेळी ग्रुपवर शांतताच. म्हणून मला रोज सकाळी सात वाजता एक ओळ हवी : ‘यंत्र चालू, टाकी ठीक.’

मामा : शांततेचे दोन अर्थ होतात हे अगदी खरं. बिघडलेला अलार्म सगळ्यात वाईट, कारण तो असल्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त होतात. पण रोज सात वाजताच्या ओळीने काय होईल? पहिला आठवडा वाचतील. मग नजर सरकेल. मग ग्रुप म्यूट करतील. आणि ज्या दिवशी ती ओळ येणार नाही त्या दिवशी ती आली नाही हे कुणाच्याही लक्षात येणार नाही. न आलेली गोष्ट माणसाच्या ध्यानात राहत नाही.

भाची : यंत्राच्या ध्यानात राहते मात्र. म्हणजे, बोर्डाने दर दहा मिनिटांनी ‘मी आहे’ असं दुसऱ्या एका प्रोग्रॅमला कळवायचं, ग्रुपला नाही. तो प्रोग्रॅम दुसरीकडे चालणारा, आपल्या वायफायवर अवलंबून नसलेला. अर्धा तास काही आलं नाही की त्याने ग्रुपवर लिहायचं : ‘टाकीच्या यंत्राचा संपर्क तुटला आहे. जोडणी होईपर्यंत पातळी स्वतः बघा.’

मामा : हे उत्तम. आणि त्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर कोण लक्ष ठेवणार, असं विचारशील, म्हणून आधीच सांगतो : माणूस. आमच्याकडे पाळी सुरू झाली की लॅम्प टेस्ट दाबायची. सगळ्या खिडक्या एकदम पेटायच्या. न पेटलेला दिवा लगेच दिसायचा. तूही महिन्यातून एकदा, सांगून सवरून, दिवसाढवळ्या, सेन्सर पाण्यापासून उंच धरून खोटी पातळी दाखव आणि संदेश येतो का बघ. ज्याच्या हाती पाळी आहे त्याच्याकडूनच करून घे. त्यात त्याला मोटरही सापडेल.

भाची : रोजची ओळ मी अजून सोडलेली नाही. पण ती ग्रुपऐवजी चॅनलवर टाकते. टेलिग्राममध्ये चॅनलवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं, म्हणून बॉटला तिथे अ‍ॅडमिन करावं लागेल. सगळ्या नोंदी तिथे, आवाज बंद ठेवून : दर तासाची पातळी, मोटर, वायफाय. ज्याला बघायचं तो उघडून बघेल. ग्रुपवर फक्त तुमच्या व्याख्येतले अलार्म.

मामा : हे विभागणं जुनंच शहाणपण आहे.

भाची : खरंच जुनं आहे. आयआरसीच्या नियमपत्रात साध्या संदेशासाठी एक आज्ञा आणि सूचनेसाठी वेगळी, नोटिस नावाची. नोटिसला कधीही आपोआप उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. कारण एका बॉटने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मग पहिल्याने परत, असं अखंड चालू राहिलं असतं. यंत्र माणसांमध्ये बोलू लागलं तर त्याला आवर हवा, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पण मामा, या विभागणीची एक किंमत आहे, ती मी नोंदवून ठेवते. वेगळं चॅनल लोक उघडत नाहीत. माझ्या उघड्या दाराचा अर्धा भाग तिथे बंद होतो.

मामा : होतो. म्हणून महिन्याला एकदा तू त्या नोंदींचा सारांश ग्रुपवर टाक : पाणी किती लागलं, मोटर किती तास चालली, कुठे गळती दिसते. माणसाने लिहिलेला. नोंदी यंत्राच्या, अर्थ माणसाचा. आता मला छळणारा शेवटचा प्रश्न. ग्रुपवर आम्ही एकमेकांच्या आजारपणाचं बोलतो, भांडतो, मुलांचे निकाल सांगतो. तुझा बॉट ते सगळं ऐकतो का?

भाची : टेलिग्राममध्ये बॉटला मुळातच प्रायव्हसी मोड लावलेला असतो. त्यामुळे ग्रुपवर त्याला उद्देशून असलेलं, त्याच्या आज्ञा आणि त्याच्या संदेशांना दिलेली उत्तरं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. मात्र बॉटला ग्रुपचा अ‍ॅडमिन केलं तर त्याला सगळं दिसतं. म्हणून ग्रुपवर त्याला साधा सदस्यच ठेवायचा, कितीही आग्रह झाला तरी. आणि टोकन कुठेही उघड्यावर ठेवायचं नाही. ज्याच्या हाती टोकन, तो या बॉटच्या नावाने काहीही लिहू शकतो. उद्या कुणी ‘टाकीत औषध पडलं आहे, पाणी पिऊ नका’ असं लिहिलं तर दीडशे घरांत घबराट होईल. स्लॅकवर संदेश टाकण्यासाठी प्रोग्रॅमला जो वेबहुकचा पत्ता मिळतो, तोही असाच. तो पत्ता हेच गुपित असतं. लोक कोडसकट तो इंटरनेटवर टाकून मोकळे होतात, म्हणून फुटलेले पत्ते शोधून रद्द करण्याचं काम स्लॅक स्वतः करतं. आपलं टोकन फुटल्याची शंका आली तर बॉटफादरकडून ते रद्द करून नवं घेता येतं.

मामा : ते टोकन कुणाकडे आहे याची कमिटीच्या वहीत नोंद असू दे. आणि यापुढे ज्याला नवा संदेश सुरू करायचा असेल त्याने कमिटीला विचारावं.

भाची : हे मात्र मला मान्य नाही. परवानगीची वाट बघायला लावलं की कुणी काही करतच नाही. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला पावसाचं पाणी मोजून ग्रुपवर टाकायचंय. कमिटीची बैठक होईपर्यंत पावसाळा संपेल. एपीआय सगळ्यांसाठी खुला आहे यातच त्याची ताकद आहे. ती काढून घेतलीत तर पुन्हा वॉचमनच्या डोक्यात अडकलेली माहिती.

मामा : आणि सगळे करू लागले तर मिलफर्ड हेवन.

भाची : मग पाठवायला परवानगी नको, थांबवायला मुभा असू दे. जो कुणी ग्रुपवर यंत्राचा संदेश सुरू करेल त्याने त्या संदेशाखाली आपलं नाव लिहायचं. वाचणाऱ्यांपैकी कुणीही म्हणालं की हा नको, तर त्याने तो चॅनलवर हलवायचा, वाद न घालता. आणि एखाद्या प्रकारच्या संदेशावर लागोपाठ काही वेळा कुणीच काही केलं नाही, तर तो आपोआप ग्रुपवरून जाईल. बटण कुणी दाबलं आणि कुणी नाही याची नोंद आपल्याकडे असतेच.

मामा : म्हणजे बोलण्याचा हक्क सगळ्यांना, आणि गप्प करण्याचा हक्क ऐकणाऱ्याला.

भाची : हो. तुम्ही सुरुवातीला म्हणालात ना, वायर ओढायचा खर्च होता म्हणून माणसं विचार करायची. एपीआयने तो खर्च संपवला, तो परत आणता येणार नाही आणि आणूही नये. त्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं, ते म्हणजे संदेश कुणाचा आहे हे प्रत्येक वेळी दिसणं. टाकीच्या संदेशाखाली मी माझं नाव आणि नंबर टाकते. रात्री दोनला तो चुकीचा वाजला तर लोकांनी यंत्राला नाही, मला फोन करावा.

मामा : रात्री दोनला फोन येईल, तयारी आहे?

भाची : आहे. तो फोन येऊ नये म्हणूनच मी डेडबँड नीट घालीन.

मामा : मग माझी हरकत संपली. कमिटीला मी सांगतो, परवानगी लागणार नाही, नाव लागेल. तुझे दोन अलार्म ग्रुपवर, बाकीचं चॅनलवर. आणि पहिल्या चाचणीला या आठवड्याच्या पाळीवाल्या काकांना गच्चीवर मीच घेऊन येतो.